नेट स्लो झालंय? प्लॅन वाढवण्याआधी घरातला राउटर तपासा

"नेट लयच स्लो चालून राहिलं" अशी ओरड झाली की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले असतात. राउटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि त्यानं भागलं नाही तर कंपनीला फोन लावून शंभर एमबीपीएस वेगाचा प्लॅन दोनशेचा करायचा. पहिल्या उपायानं थोडा वेळ बरं वाटतं. दुसऱ्यानं दरमहा जास्त पैसे जातात आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ मात्र पूर्वीसारखाच गोल गोल फिरत राहतो. घरापर्यंत येणारं नेट आणि घरात पसरणारं वाय-फाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष कुठल्या भागात आहे हे कळल्याशिवाय खर्च केलेला रुपया बहुतेक वेळा वायाच जातो.

हा लेख ज्यांनी राउटरच्या सेटिंगला कधी हात लावलेला नाही त्यांच्यासाठी आहे. लागणारं साहित्य थोडंच: एक फोन, एक लॅपटॉप, एक लॅन केबल (राउटर आणि लॅपटॉप जोडणारी नेटची तार) आणि निवांत तासाभराचा वेळ. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन ॲडॅप्टर नागपुरात बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळतो. घेताना "यूएसबी ३.०, गिगाबिट" असं स्पष्ट सांगून घ्या (गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस), नाहीतर स्वस्तातला १०० एमबीपीएसवालाच हातात पडतो.

आपण काय विकत घेतलंय ते आधी बघा

कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बिलावर प्लॅनचा वेग लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १०० एमबीपीएस. हा आकडा मेगाबिटमध्ये आहे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल डाउनलोड होताना कॉम्प्युटर जो आकडा दाखवतो तो मात्र पुष्कळदा मेगाबाइटमध्ये असतो, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोडचा आकडा सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास दिसत असेल तर तुमचं नेट पूर्ण वेगानं चालतंय. हे माहीत नसल्यानं "शंभर सांगितलं आणि बारा देऊन राहिले" म्हणून भांडायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्याच ॲपमध्ये महिन्याचा वापरही दिसतो. "अनलिमिटेड" म्हणून विकलेल्या प्लॅनलाही बहुधा महिन्याची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की वेग एकदम खाली आणला जातो. नेट महिनाअखेरीस मरगळत असेल आणि बिलाची तारीख उलटली की पुन्हा ताजंतवानं होत असेल, तर राउटर उघडून बघायचं काही कारण नाही. वापर तपासा.

आणखी एक हिशेब मनाशी असू द्या. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस पुरतात. व्हिडिओ कॉलला त्याहून कमी लागतात. चार माणसांच्या घरात १०० चा प्लॅन नीट पोचत असेल तर तो भरपूर आहे. तरी चित्र अडकत असेल तर शंभरातलं पाणी कुठेतरी गळतंय, ते शोधायचं आहे.

सगळ्यात महत्त्वाची पायरी: तारेवरची चाचणी

ही एक चाचणी केली की निम्मं काम संपतं, म्हणून ती टाळू नका.

राउटरच्या मागे चार-पाच भोकं असतात. त्यातलं एक बहुधा वेगळ्या रंगाचं असतं आणि त्यावर वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेलं असतं, तिथे बाहेरून आलेली तार असते. तिला हात लावू नका. उरलेल्या लॅनच्या भोकांपैकी एकात केबल घाला, दुसरं टोक लॅपटॉपला लावा, आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे बंद करायचं पुष्कळ जण विसरतात, आणि मग आपण तार मोजतोय की वाय-फाय, तेच कळत नाही. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटं नेटवरून काढा.

आता स्पीडटेस्ट डॉट नेट उघडून चाचणी घ्या. ही साइट जवळचा सर्व्हर आपोआप निवडते. तो कधी कधी तुमच्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो, आणि त्याच्यापर्यंतचा रस्ता मोकळा असल्यानं आकडा छान दिसतो. म्हणून एकदा आपोआप आलेल्या सर्व्हरवर आणि एकदा यादीतून मुंबईचा, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून मोजा. त्यानंतर फास्ट डॉट कॉमवर मोजा. ही साइट नेटफ्लिक्स चालवतं, त्यामुळे व्हिडिओ बघताना प्रत्यक्ष काय वेग मिळेल याचा अंदाज येतो. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) असे तिन्ही आकडे वेळेसह कागदावर लिहून ठेवा. एकदा दुपारी मोजा, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. पुढे कंपनीशी बोलायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

मग तार काढा, वाय-फाय लावा आणि राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून फोनवर मोजा. शेवटी ज्या खोलीत त्रास होतो तिथे जाऊन मोजा.

आता या तीन आकड्यांकडे बघा. तारेवरच वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये, राउटरच्या भोकात किंवा तारेत आहे. तारेवर पूर्ण आणि राउटरजवळच वाय-फायवर कमी असेल तर राउटरची सेटिंग, किंवा राउटर नाहीतर फोन जुना असणं ही कारणं. राउटरजवळ उत्तम आणि आतल्या खोलीत कमी असेल तर राउटरची जागा चुकली आहे. नागपूरच्या घरांत हे तिसरं कारण मला सगळ्यात जास्त सापडतं, त्यामुळे त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

तारेवरच कमी येत असेल तर

समजा प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि तारेवर आकडा ९४-९५ वर येऊन अडतो. कितीही वेळा मोजा, पंचाण्णवच्या वर जातच नाही. हा आकडा दिसला की समजायचं, मधला एक कुठलातरी सांधा १०० एमबीपीएसवर चालतोय आणि डेटा वाहून नेण्याच्या व्यवस्थेतच थोडा वेग खर्च होऊन एवढंच हाती येतंय. तो सांधा तीन ठिकाणी असू शकतो: राउटरचं भोक, लॅपटॉपचं भोक किंवा केबल. स्वस्त राउटरना गिगाबिटची भोकं नसतातच. असा राउटर बसवून ३०० चा प्लॅन घेतला तरी तारेवर ९५ च मिळणार. बहुतेक स्मार्ट टीव्हींची लॅनची भोकंही १०० चीच असतात, त्यामुळे टीव्हीवर कमी दिसलं तर लगेच घाबरू नका.

केबलचा दोष डोळ्यांनी बघता येतो. लॅन केबलचं पारदर्शक प्लॅस्टिकचं टोक उजेडात धरा. आत आठ बारीक तारा ओळीनं बसलेल्या दिसतील: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. १०० एमबीपीएसला यातल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही जोड्या शाबूत लागतात. निळी किंवा तपकिरी तार आत तुटली, किंवा टोकात पुढपर्यंत पोचली नाही, तर नेट बंद पडत नाही. ते गुपचूप १०० वर येऊन चालत राहतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट इथे गेलात की लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० ऐवजी १०० असेल तर आधी केबल बदलून बघा. नवी घेताना वरच्या वेष्टनावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असू द्या.

काही वस्त्यांत अजूनही फायबर (प्रकाशानं नेट आणणारी काचेची तार) खांबावरच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून पुढे घरात लॅनची तांब्याची तार ओढलेली असते. ही तार १०० मीटरपर्यंतच नीट चालते. उन्हापावसात वर्षानुवर्षं लोंबकळलेली, दोन-तीन ठिकाणी टेपनं जोडलेली तार त्याच्या आतच दम टाकते. संक्रांतीला गल्लीभर पतंगांचा मांजा अडकून तारा ओढल्या जातात, रस्त्याच्या खोदकामात पेट्या हलतात. गच्चीवर जाऊन एकदा आपली तार कुठून कशी आली आहे ते नजरेनं बघून या. ती खांबावर असेल तर मात्र स्वतः चढू नका, शेजारून विजेच्या तारा गेलेल्या असतात.

घरापर्यंत फायबर असेल तर भिंतीवर एक डबी असते, ती प्रकाशाचं रूपांतर नेटमध्ये करते. तिच्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस नावाचा दिवा लाल लागला किंवा लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच नीट येत नाहीये आणि हे काम कंपनीचं आहे. फक्त तक्रार करण्याआधी घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक फायबरची दोरी बघा. फायबर आत काचेचं असतं. ते कपाटाच्या मागे चेपलं गेलं, दाराच्या फटीत अडकलं किंवा खिळा ठोकून काटकोनात वळवलं की प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. वळण साधारण तीन सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे साधारण चहाच्या छोट्या कपाच्या तोंडाएवढं, एवढं तरी मोकळं ठेवा. टोक उपसून त्यात डोकावून बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

कंपनीचा माणूस आला की त्याला "पॉवर किती येते" असं विचारा. त्याच्याकडे मोजायचं छोटं मीटर असतं. आकडा उणे डीबीएममध्ये येतो, हे प्रकाशाचा जोर मोजायचं एकक. उणे १५ ते उणे २४-२५ च्या दरम्यान असेल तर चांगलं. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८ कडे गेलं तर डबी कशीबशी तग धरते. हा एक प्रश्न विचारला की समोरचा तुम्हाला "राउटर रीस्टार्ट करा" एवढं सांगून कटवत नाही.

दुपारी तारेवर पूर्ण वेग आणि रात्री नऊला तिसरा हिस्सा, असं रोज होत असेल तर ती गर्दी आहे. घरगुती फायबरमध्ये एका धाग्यावरचा प्रकाश फोडून ३२ किंवा ६४ घरांना दिलेला असतो. जीपॉन नावाच्या फायबर पद्धतीत घरांकडे येणारी सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता त्या सगळ्यांत वाटली जाते, आणि पुढे कंपनीची स्वतःची लाइनही अपुरी असू शकते. यावर घरात काही करता येत नाही. तक्रार कशी करायची ते शेवटी सांगतो.

राउटरची जागा आणि आपला कूलर

तार घरात जिथून आत येते तिथेच राउटर ठेवायचा, ही बसवणाऱ्याची सोय असते. पुष्कळ घरांत तार येते हॉलच्या खिडकीतून, आणि त्याच खिडकीला मार्चपासून कूलर लागतो.

कूलर म्हणजे वाय-फायच्या वाटेत बांधलेलं धरण आहे. त्याचं अंग पत्र्याचं, आणि पत्र्यावरून लहरी परत फिरतात. पोटात टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंना भिजलेलं वुडवूल, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मानेवाड्यातल्या एका ओळखीच्या घरी काकूंची तक्रार होती की उन्हाळा लागला की नेट जातं आणि पावसाळ्यात आपोआप सुधारतं. कंपनीची माणसं येऊन लाइन बरोबर असल्याचं सांगून जात. राउटर खिडकीच्या कट्ट्यावर, कूलरच्या मागच्या कोपऱ्यात होता. हॉलमध्ये कूलरसमोर बसलं की त्यांच्या फोनवर सिग्नलची एकच दांडी. घरात वीसेक फूट लॅन केबल ओढली, राउटर उचलून हॉल आणि बेडरूममधल्या दाराच्या वर, भिंतीवर लावला. त्याच फोनवर, त्याच सोफ्यावर, प्लॅनचा जवळजवळ पूर्ण वेग आला. कंपनी तीच, प्लॅन तोच.

तुमच्या घरी राउटर कुठे असावा? घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, आणि समोर मोकळं. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, फिश टँक, टीव्हीची पाठ, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा खालचा कोपरा, या सगळ्यांपासून लांब. शोभेसाठी राउटर शोकेसमध्ये किंवा टीव्ही युनिटच्या बंद खणात ठेवू नका. अँटेना असतील तर एक-दोन उभ्या ठेवा. उभ्या दांडीचा सिग्नल आडवा चहूबाजूंना पसरतो, म्हणून एकमजली फ्लॅटला तेवढं पुरतं. दुमजली घर असेल तर एखादी अँटेना आडवी करून बघा, वरच्या मजल्यावर फरक पडू शकतो.

घर कुठल्या काळातलं आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. अशा दोन भिंती ओलांडून सिग्नल गेला तर मिळेल ते आपलं म्हणायचं. बेसा, मनीष नगरकडच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये भिंती पातळ, पण शेजारच्या पंधरा-वीस घरांचे राउटर तुमच्या बेडरूमपर्यंत पोचतात. स्वतंत्र डुप्लेक्स घरांत सळयांचा स्लॅब मध्ये येतो, आणि खालच्या मजल्यावरचा एक राउटर वरच्या मजल्याला पुरेल ही आशा सोडलेली बरी.

जागा बदलताना अंदाजावर जाऊ नका. फोनमध्ये वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप टाका. त्यात सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ बिनधास्त चालतो, उणे ७५ च्या पुढे गेलं की कॉल तुटायला लागतात. लांब केबलवर राउटर हातात धरून दोन-तीन जागी ठेवा, त्रासाच्या खोलीतला आकडा बघा, आणि मगच भिंतीला ड्रिल लावा.

दोन पट्टे: २.४ आणि ५

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर (फ्रिक्वेन्सी बँडवर) बोलतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंत बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यावर गर्दी फार. शेजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर थकतो. ज्या खोलीत राउटर आहे तिथे आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा, त्यापलीकडे २.४.

अडचण अशी की दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं आणि फोन आपल्या मर्जीनं एक निवडतो. राउटरला अगदी चिकटून बसलात तरी तो २.४ वरच राहू शकतो. निदान तपासणीपुरती तरी नावं वेगळी करा. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. राउटर उलटा करा, खाली स्टिकर असतो. त्यावर पत्ता असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि शेजारी युजरनेम-पासवर्ड. हा पत्ता इंग्रजी आकड्यांत ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करा. आत शिरलात की काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. वॅन किंवा इंटरनेटच्या पानावर कंपनीनं दिलेलं युजरनेम असतं, ते पान सोडून द्या. आपलं काम वायरलेस या पानावर आहे.

तिथे चार गोष्टी बघा. पहिली, दोन पट्ट्यांची नावं. दुसरी, २.४ चा चॅनल, म्हणजे पट्ट्यातली छोटी वाट. तो १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ॲनालायझरमध्ये शेजाऱ्यांची गर्दी ज्याच्यावर कमी तो निवडा. ३ किंवा ८ असा मधला चॅनल घेतलात तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. तिसरी, चॅनलची रुंदी: फ्लॅटमध्ये २.४ ला २० मेगाहर्ट्झ आणि ५ ला ८० मेगाहर्ट्झ.

चौथी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण जुन्या राउटरवर तीच घात करते. सिक्युरिटीच्या रकान्यात वेप (WEP) किंवा टीकिप (TKIP) ही जुनी सुरक्षा पद्धत निवडलेली असेल तर वाय-फाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर अडकतं, राउटर कितीही चांगला असो. वाय-फायच्या नियमांतच तसं आहे. तिथे डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. आलेच आहात तर पासवर्डही बदला आणि जोडलेल्या उपकरणांची यादी बघून घ्या. भाडेकरू सोडून गेला, शिकवणीची मुलं येऊन गेली, पण पासवर्ड तोच राहिला, असं घरोघरी असतं.

खोक्यावरच्या आकड्यांनी फसू नका. "३०० एमबीपीएस" लिहिलेला एकाच पट्ट्याचा राउटर दोन अँटेना आणि रुंद चॅनल धरून तो आकडा सांगतो. एका अँटेनाच्या फोनला २० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ७२ ची जोडणी मिळते, आणि त्यातून हाती येतात चाळीस-पन्नास. तसंच "१२००" म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज. एका फोनला ते कधीच एकत्र मिळत नाहीत.

घरात कंपनीची डबी आणि तुमचा राउटर अशी दोन यंत्रं असतील आणि दोन्हींचं वाय-फाय चालू असेल, तर डबीचं बंद करा. नाहीतर फोन त्या अशक्त सिग्नलला चिकटून बसतो.

ऊन आणि ॲडॅप्टर

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश दिलेलं असतं. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पंचेचाळीस तर आपल्याला पुष्कळ उन्हाळ्यांत बघायला मिळतात. वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली, माळ्यावर किंवा बंद खणात ठेवलेला राउटर दुपारभर मर्यादेबाहेर चालत असतो. मग तो वेग कमी करतो, मध्येच लटकतो, आपोआप रीस्टार्ट होतो. दुपारी दोन ते पाचच नेट मरत असेल तर राउटरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर त्याला खालच्या, हवेशीर भिंतीवर आणा, आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. थंड राहावा म्हणून कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ओलसर हवेनं आतले सांधे गंजतात.

ॲडॅप्टरही उन्हानं आणि विजेच्या चढउतारानं थकतो. दिवे लागलेले असतात, पण जोर लागला की राउटर बंद-चालू होतो. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच असू द्या, ९ च्या जागी १२ चालत नाहीत. अँपिअर तेवढे किंवा जास्त असले तर चालतात. वादळात लाइट जाण्याचा त्रास असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, त्यालाही व्होल्टचा हाच नियम.

वेग बरोबर दिसतो, तरी कॉल अडकतो

इथे वेगाऐवजी उशीर मोजावा लागतो. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग ही कमांड इंग्रजीत लिहून जागा सोडा आणि राउटरचा पत्ता टाका. वाय-फायवर उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. ते मध्येच दोनशे-तीनशेवर उडत असेल किंवा उत्तर येतच नसेल तर दोष वाय-फायमध्ये आहे, वरच्या भागाकडे परत जा. राउटरचं उत्तर नीट येत असेल तर पत्ता ८.८.८.८ देऊन बघा. नागपूरहून मुंबईला फायबरमधून जाऊन-येऊन प्रकाशाला साधारण ७ ते १० मिलिसेकंद लागतात, बाकी वेळ मधल्या यंत्रांचा. पन्नासच्या आत स्थिर आकडा असेल तर लाइन ठीक.

आता याच कमांडच्या शेवटी जागा सोडून -t जोडा, म्हणजे ती विंडोजमध्ये चार उत्तरांवर न थांबता चालू राहते, आणि घरातल्या कोणाला तरी फोनमधले व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सांगा. आकडा एकदम शेकड्यांत गेला तर कारण सापडलं. लग्नाचे फोटो बॅकअप होत असताना वर जाणारी वाट भरून जाते आणि कॉलची छोटी पाकिटं मागे रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस नावाची (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी) सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. नसेल तर बॅकअप रात्री लावा.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकल्यानं पान उघडायला लागणारा सुरुवातीचा वेळ थोडा कमी होतो. डाउनलोडचा वेग त्यानं वाढत नाही.

एवढं करूनही लांबची खोली कोरडीच राहिली तर

वाय-फाय रीपीटर हा स्वस्त उपाय आहे, पण एकाच पट्ट्याचा रीपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. घ्यायचाच तर दोन पट्ट्यांचा घ्या, आणि कोरड्या खोलीत न लावता राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर लावा. त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे देईल. डुप्लेक्स घराला माझा सल्ला सरळ आहे: वरच्या मजल्यापर्यंत एक कॅट ६ केबल ओढा आणि तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वाय-फायवर देणारं यंत्र) म्हणून बसवा. भिंतीचं थोडं काम निघतं, पण वर्षानुवर्षं निवांत जातात. मेश सिस्टीम (एकच वाय-फाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे) घेतलीत तरी तिच्या डब्यांना केबलनं जोडता आलं तर जरूर जोडा.

दोष बाहेरचा निघाला तर

तारेवरचे आकडे लिहिलेला कागद हातात घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा किंवा ॲपमधून तक्रार टाका. गल्लीतल्या केबलवाल्या भाऊला नुसतं सांगून थांबू नका, नोंद झाली पाहिजे. बोलताना "नेट स्लो आहे" एवढंच म्हटलं की तक्रार बंद व्हायला वेळ लागत नाही. असं लिहा: "प्लॅन १०० एमबीपीएस. लॅन केबलनं थेट मोजलं, वाय-फाय बंद ठेवून. दुपारी ९३, रात्री साडेनऊला २८. तीन दिवस हेच. केबल बदलून पाहिली आहे. लाइनची ऑप्टिकल पॉवर तपासावी." सोबत स्क्रीनशॉट जोडा.

तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक मागून घ्या आणि जपून ठेवा. काम न होता तक्रार बंद केली गेली, किंवा उत्तरानं समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक सेवा कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा ईमेल तिच्या वेबसाइटवर असतो. पुष्कळ जण थेट ट्रायला (दूरसंचार नियामकाला) पत्र लिहितात, पण ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. अपिलातही काही निघालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही डॉकेट क्रमांक आणि तारखांसह तेच आकडे सांगा.